आठ आणे कोणाचे?

माणसाची नीती मोठ्या प्रसंगी कसाला लागते असे आपण म्हणतो. ती आठ आण्यांतही लागते, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

दिवाळीच्या खरेदीसाठी नंदुरबारहून तापी मार्गाच्या गाडीने सुरतेला थोरल्या भावाकडे गेलो होतो. त्यांचे घर पर्वत पाटियाला. वहिनी घरकाम आटोपून साड्यांना लेस लावतात. नगामागे दीड रुपया. त्यांच्याबरोबर जवळच्याच दुकानात एक ओढणी घेतली. किंमत 210 रुपये, कर वेगळा. पाच टक्के जीएसटीचे दोन सारखे वाटे: सव्वापाच रुपये केंद्राचे, सव्वापाच राज्याचे. बेरीज झाली 220 रुपये 50 पैसे. तिच्याखाली ‘राउंड ऑफ’ 50 पैसे आणि एकूण 221.

“सरकारने आठ आणे जास्तच घेतले की!” मी म्हणालो.

दुकानदार हसले. “ए सरकारना नथी, भाई.” मग मोडक्या मराठीत त्यांनी समजावले. कर साडेदहाच लिहिला आहे. वरचे पन्नास पैसे फक्त हिशेब पुरा करण्यासाठी. उद्या 220 रुपये 40 पैसे झाले, तर ते चाळीस पैसे सोडतात.

त्यांचे म्हणणे रास्त होते. 25 पैसे आणि त्याखालची नाणी 30 जून 2011 पासून चलनातून गेली. पन्नास पैशांचे नाणे कायद्याने चालते, पण गल्ल्यात क्वचितच दिसते. जीएसटी कायद्याच्या 170 व्या कलमातही करासाठी असाच नियम आहे: पन्नास पैसे किंवा अधिक असतील तर पुढचा रुपया, कमी असतील तर ते सोडायचे. मात्र गंमत पाहा. त्याच ओढणीवरचे सव्वापाचाचे दोन वाटे वेगवेगळे पूर्ण केले, तर पाच आणि पाच मिळून दहा होतात. एकत्र केले, तर साडेदहाचे अकरा. ओढणी तीच, दर तोच. पूर्णांक कोठे करायचा एवढ्यावरच रुपयाचा फरक पडतो. म्हणजे अपूर्णांकाचा निवाडा गणित करीत नाही, लेखणी हातात असलेला माणूस करतो.

दुसऱ्या दिवशी लेसच्या कामाचा माणूस आला. 37 नग झाले होते. दीड रुपयाने साडेपंचावन्न. त्याने पंचावन्न पुढे केले. वहिनींनी विचारले, तेव्हा म्हणाला, “आठ आनामां शुं, बेन?”

मला आदल्या दिवशीचे बिल आठवले. तिथे आठ आण्यांचा रुपया झाला होता, इथे आठ आण्यांचे शून्य झाले. नाणे नसण्याची अडचण दोन्हीकडे तीच; पण घ्यायचे असले की अर्धा वर जातो आणि द्यायचे असले की खाली येतो. पूर्णांक करणे हा काही अप्रामाणिकपणा नव्हे. नियम एकच असेल, दोन्ही दिशांना चालत असेल आणि आधी सांगितलेला असेल, तर कधी तुमचे जाईल, कधी माझे. कोणी ठकणार नाही. पाप आहे ते समोरच्याचे बळ पाहून दिशा ठरवण्यात. आणि ज्याच्याकडून आठ आणे सुटतात, तो बहुधा असाच असतो, ज्याला मागायचा संकोच वाटतो.

वहिनी भांडल्या नाहीत. म्हणाल्या, “भाऊ, सुटे नसतील तर राहू द्या, पण वहीत लिहा. पुढच्या खेपेला धरू.” तो क्षणभर थांबला. मग खिशातली डायरी काढून त्याने गुजराती आकड्यांत लिहिले: पन्नास पैसे बाकी.

कायद्याच्या पुस्तकात नसलेला हा तोडगा मला सर्वांत न्यायाचा वाटला. अपूर्णांक पुसायचा नाही, पुढे न्यायचा. ज्याला देता येत नाही त्याने निदान ‘देणे आहे’ एवढे तरी लिहावे.