घर कोणीं सोडावें?

जव्हार व मोखाडा या तालुक्यांतील पाड्यांत राहणाऱ्या वाचकांस घराची किंमत आम्हीं सांगावी असें नाहीं. कुडाच्या भिंती, शेणानें सारवलेली जमीन आणि उतारावरील नागली-वरईचा तुकडा, एवढ्यांत मनुष्याचें सारें आयुष्य सामावलेलें असतें. आतां असें समजा कीं, एका पाड्यांत लागोपाठ दोन मुलें तापानें दगावलीं. भगतानें दाणे पाहून एका विधवेकडे बोट दाखविलें, आणि त्याच रात्रीं तिच्या दारावर दगड पडूं लागले. ती भुताळी ठरली व जीव घेऊन माहेरीं पळाली. आमचा प्रश्न एवढाच आहे कीं, अशा वेळीं घर कोणीं सोडावें? जिच्यावर अन्याय झाला तिनें, कीं ज्यांनीं तो केला त्यांनीं?

सरकारनें या बाबतींत कांहींच केलें नाहीं असें नव्हे. अनुसूचित जाति व जमातींवरील अत्याचारांस आळा घालणारा कायदा १९८९ सालीं झाला. त्याच्या नियमांप्रमाणें ज्याचें घर जाळलें वा पाडलें गेलें, त्यास सरकारी खर्चानें विटांचें किंवा दगडी घर द्यावयाचें असतें. जानेवारी २०१६ मध्यें अमलांत आलेल्या दुरुस्तीनें पीडितांस दुसऱ्या ठिकाणीं नेऊन वसविण्याची तरतूदहि केली आहे, आणि कोणास भुताळी म्हणून छळणें हा त्या कायद्याखालीं गुन्हा ठरविला आहे.

परंतु हा कायदा, अन्याय करणारा स्वतः अनुसूचित जाति-जमातींबाहेरचा असेल, तरच लागू पडतो. आमच्या या तालुक्यांत बहुतेक वस्ती वारली, कोकणा, ठाकर, महादेव कोळी व कातकरी यांची. दगड मारणारा बहुधा परका नसतो. तो दीर असतो, पुतण्या असतो, शेजारी असतो. त्यास २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, व त्यांत ६ महिन्यांपासून ७ वर्षांपर्यंत कैद व ५ ते ५० हजार रुपये दंड सांगितला आहे. पण कैदेनें त्या बाईचें छप्पर उभें राहत नाहीं. घरकुल मागावें, तर त्यास जागा लागते. आणि तिची जागा तर त्याच पाड्यांत!

कित्येक म्हणतात, ‘तिला दुसरीकडे कोठें तरी घर द्या, म्हणजे गांवांत शांतता होईल.’ जीव वांचविणें हें पहिलें कर्तव्य होय, आणि तिची इच्छा नसतां तिला परत आणण्याचा आग्रह कोणींहि धरूं नये. तथापि निवारा निराळा व न्याय निराळा. २९ सप्टेंबर २००६ रोजीं भंडारा जिल्ह्यांतील खैरलांजी येथें भय्यालाल भोतमांगे या दलित शेतकऱ्याची पत्नी, मुलगी व दोन मुलगे मारले गेले. त्यानंतर ते भंडाऱ्यास राहिले व २०१७ सालीं वारले. त्यांस निवारा मिळाला. गांव मात्र परत मिळालें नाहीं.

शिवाय भुताळीच्या आरोपामागें पुष्कळदां जमिनीची हांव असते. ती बाई गेली आणि पुढल्या पावसांत पुतण्यानें तिच्या शेतांत नांगर धरला, तर पाड्यांतील पोरें काय शिकतील? दगड मारल्यानें शेत मिळतें, हेंच ना? मग त्या नांगराकडे मुकाट्यानें पाहणारे आपण निर्दोष कसे?

म्हणून जेथें कायद्याचें घर पोहोंचत नाहीं, तेथें शेजाऱ्याचें कर्तव्य दुप्पट होतें. मूल तापलें तर प्रथम आरोग्य केंद्रांत किंवा जव्हारच्या कुटीर रुग्णालयांत न्यावें. आरोप झालाच, तर त्या बाईस एकटीला पोलीस ठाण्यांत जाऊं देऊं नये. दोघांचौघांनीं बरोबर जावें. तिचें शेत तिच्याच नांवानें राखावें, पीक तिला पोहोंचवावें, आणि तिचें घर तिचेंच आहे असें ग्रामसभेंत उघडपणें बोलावें. अशा बोलण्यानें भाऊबंद दुरावतात, हें आम्ही जाणतों; पण न बोलल्यानें एक मनुष्य बेघर होतो.

वाचकहो, आपल्या पाड्यांत असें एखादें बंद घर आहे काय? असल्यास पावसापूर्वीं त्याचें छप्पर शाकारा, आणि त्या घरधनिणीस निरोप पाठवा.