एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडे

मागील महिन्यात असरच्या नमाजनंतर सर्व जमात पांगली, तरी आमच्या कोरेगावातील एक बुजुर्ग मशिदीच्या पायरीवर बसून राहिले. गालाच्या कर्करोगाची त्यांची शस्त्रक्रिया झाली होती, किरणोपचार झाले होते. आता रोग परतून फुप्फुसापर्यंत पोहोचला आहे. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात त्यांना गोळ्यांसोबत इम्युनोथेरपी सुचविण्यात आली होती. या औषधाने आयुष्य वाढू शकेल, रोग मात्र मुळापासून जाईल असे नाही, हेही डॉक्टरांनी सांगितले होते. चाचांनी मला विचारले, “मौलाना, वरून बुलावा आलाच असेल, तर ही सुई घेणं म्हणजे तवक्कुल कमी पडल्यासारखं नाही का?”

मला हजरत उमर (रजि.) यांचा प्रसंग आठवला. शामच्या वाटेवर सर्ग येथे पुढे प्लेग पसरल्याची वार्ता आली, तेव्हा त्यांनी सल्लामसलत करून परत फिरण्याचे ठरविले. हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी हाच आक्षेप घेतला : अल्लाहने ठरविलेल्यापासून पळता काय? उमर (रजि.) यांच्या उत्तराचा आशय असा, की होय, अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जातो आहोत. रोगही त्याचा, औषधही त्याचे. आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तर उपचार घेण्याची स्वतःच आज्ञा केली आहे.

हे औषध कसे काम करते ते समजून घेतले, तेव्हा माझा ईमान ताजा झाला. अल्लाहने देहात रक्षक पेशींचे सैन्य ठेवले आहे, आणि ते स्वकीयांवर तुटून पडू नये म्हणून त्याला लगामही घातला आहे. कर्करोग कपटाने तोच लगाम खेचून धरतो. जपानचे तासुकु होन्जो यांच्या प्रयोगशाळेने 1992 साली या लगामाचा एक दुवा शोधला. 2018 मध्ये त्यांना अमेरिकेच्या जेम्स अ‍ॅलिसन यांच्यासह नोबेल मिळाले. हे औषध लगाम सैल करते. म्हणूनच मोकळे सुटलेले सैन्य कधी फुप्फुसावर, आतड्यांवर किंवा थायरॉइडवर चालून जाते. चाचांना मी बजावले, की जुलाब लागले किंवा धाप लागली तर ‘सब्र करतो’ म्हणून गप्प बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. दुखणे लपविण्याला सब्र म्हणत नाहीत.

मुलांनी मला आधीच गाठून विनविले होते, की अब्बांना आकडे सांगू नका. मी ते मानले नाही. जो रुग्णापासून सत्य लपवितो, तो त्याच्याकडून वसियत करण्याचा, कर्ज फेडण्याचा, माफी मागण्याचा वेळ हिरावून घेतो. टाटाच्या डॉक्टरांनी 2022 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात डोके व मानेचा असाध्य कर्करोग झालेले 151 रुग्ण होते. निम्म्यांना गोळ्यांसोबत दर तीन आठवड्यांनी निवोलुमॅब अवघे 20 मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, दिले गेले. वर्षअखेर केवळ गोळ्यांवर शंभरात सोळा जण हयात होते, या औषधासह त्रेचाळीस. चाचांनी बोटांवर हिशेब केला. “म्हणजे सत्तावन्न नाहीत,” ते म्हणाले. मी ‘हो’ म्हटले.

(मशिदीबाहेर तंबाखू मळत उभे राहणाऱ्या तरुणांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा.)

राहिला खर्च. मुलगा अर्धा एकर विकायला निघाला होता. गुण येण्याची खात्री नसलेला उपचार बहुतेक फुकहांच्या मते फर्ज नाही. घेणे चांगले, न घेतल्यास गुनाह नाही. हजरत साद (रजि.) आजारी असताना सगळी मालमत्ता दान करू पाहत होते, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना एक तृतीयांशावर थांबविले, वारसांना लोकांपुढे हात पसरायला लावण्यापेक्षा संपन्न ठेवून जाणे उत्तम, असे समजाविले. म्हणून मी म्हटले, कमी मात्रा झेपते ती घ्या, जमीन राहू द्या. चाचींच्या बांगड्या ही चाचींची मिळकत आहे. त्यांनी खुशीने दिल्या तर तो त्यांचा सदका. मागण्याचा हक्क कोणाला नाही.

दोन दिवसांनी चाचा वही घेऊन आले. कोणाचे किती देणे, कोणाशी जुना अबोला, सारे लिहिलेले होते. बांधावरून भांडलेल्या शेजाऱ्याकडे आम्ही दोघे गेलो. त्याने चहा पाजला, बांधाचा विषय काढलाच नाही.

पहिली सलाईन झाली. “एवढीशी बाटली, मौलाना, आणि केवढा विचार केला,” असे फोनवर म्हणाले. रात्री अंग थोडे कसकसले, एवढेच. पुढची मात्रा तीन आठवड्यांनी आहे. त्यांच्यासाठी दुआ करावी, ही विनंती.