गाव कोणतं घालू?

परदेशातून आलेल्या नातेवाइकांचा शेवटचा दिवस आमच्या नाशकात बहुतेक वेळा भांडीबाजारात जातो. रामकुंड, काळाराम, सीतागुंफा आधीच पाहून झालेली असतात. उरते ती यादी. कोणाला चिवडा, कोणाला बेदाणे, कोणाला येवल्याची पैठणी. बैठकीत बॅगा उघड्या पडलेल्या आणि मधोमध वजनकाटा. मला ही धांदल मनापासून आवडते. इतके दिवस स्वतःच्या डोळ्यांसाठी फिरणारा माणूस त्या दिवशी, सोबत येऊ न शकलेल्यांसाठी हिंडू लागतो.

यंदा दादासोबत त्याची मुलं आली होती. जन्म न्यू जर्सीतला, शाळा तिथलीच. त्यांना नाशिक परदेशच. निघायच्या आदल्या दिवशी, बाजार उघडायला वेळ होता म्हणून, मी त्यांना ऊन चढायच्या आत पांडवलेण्यांवर नेलं. तिथे पायऱ्यांवर रोज सकाळी फिरायला येणाऱ्या नाशिककरांचा राबता असतो. वर चोवीस लेणी. पाहुण्यांना सहसा तिसरं आणि दहावं दाखवतात, आणि दाखवावंच: तिसऱ्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, दहाव्यात उषवदाताचा. या उषवदातानं तीन हजार कार्षापण नाणी गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवली, दोन हजार दरमहा शेकडा एक व्याजानं आणि एक हजार पाऊण टक्क्यानं. मूळ रकमेला हात लावायचा नाही, व्याजातून भिक्षूंचा खर्च भागायचा. बाजारपेठेच्या पतीवर इतका भरवसा!

पण मला मुलांना न्यायचं होतं ते सतराव्या लेण्यात. ते अपुरंच राहिलं आहे, त्यामुळे तिथे फारसं कोणी रेंगाळत नाही. व्हरांड्यात ब्राह्मी लिपीतला लेख आहे. धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त, उत्तरेकडचा, दत्तामित्री गावचा यवन, म्हणजे ग्रीक, यानं हे लेणं खोदवलं. आत चैत्यगृह आणि पाण्याच्या टाक्याही केल्या. आईवडिलांना पुण्य लाभावं म्हणून. सोबत मुलगा धम्मरक्षित. चारी दिशांनी येणाऱ्या भिक्षुसंघाला हे सगळं अर्पण.

घरापासून इतक्या लांब आलेले बापलेक. ज्या डोंगराशी त्यांचं पिढीजात काही नातं नव्हतं, तिथे पुढे येणाऱ्या अनोळखी माणसाला पाणी मिळेल याची सोय ते करून गेले. परक्या मुलखात गेल्यावर आपण काय न्यायचं एवढंच मोजतो, काय ठेवून जायचं हे मनातही येत नाही, याचं मला वाईट वाटतं. मुलांना मी हे बोलले नाही. फक्त लेख वाचून, अर्थ सांगितला.

दुपारी भांडीबाजार. तांब्या-पितळेची चळत दुकानाबाहेर रस्त्यापर्यंत आलेली. भांडं काट्यावर चढतं, वजनावर किंमत ठरते, आणि मग विचारतात, ‘नाव घालायचंय का?’ भाचीनं तांब्याचा एक गडू निवडला. बॅगेत ठेवायला नाही, इथे आजीसाठी. दुकानदारानं मशीन हातात घेतलं. घर्र आवाज करत सुई तांब्यावर अक्षरं ओढू लागली. आधी आजीचं नाव, मग ‘यांस सप्रेम भेट’, मग भाचीचं नाव, वडिलांचं नाव. मला एकदम जाणवलं की सकाळी वाचलेल्या लेखात हेच तर होतं: देणाऱ्याचं नाव, बापाचं नाव, कोणासाठी दिलं ते. दोन हजार वर्षांत आपली दान लिहायची रीत फारशी बदललेली नाही.

‘गाव कोणतं घालू?’ दुकानदारानं विचारलं.

‘एडिसन,’ भाची म्हणाली.

‘अगं, नाशिक घाल,’ दादा म्हणाला. ‘आपलं गाव नाशिक.’

‘पण आत्या,’ ती माझ्याकडे वळली, ‘त्या माणसानं पण स्वतःचंच गाव लिहिलं होतं ना?’

दादा काही बोलला नाही. दुकानदारानं बिलाचा कागद पुढे केला. तिनं त्यावर ‘एडिसन’ देवनागरीत लिहून दिलं, वेलांटी नीट तपासून. त्यानं ते तसंच उतरवलं, खाली तारीख घातली, आणि आम्ही चिवडा घ्यायला निघालो.