वैमानिकाची डुलकी
२२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले विमान मंगळूरला धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले. १५८ जीव गेले. मुख्य वैमानिक वाटेत दीड तासाहून अधिक झोपले होते व जागे झाल्यावरही झोपेचा अंमल उतरला नव्हता, असे चौकशीत दिसले.

मग झोप हाच दोष काय? नासाच्या १९९४ च्या अभ्यासात ४० मिनिटांची विश्रांती पाळीपाळीने दिलेले वैमानिक सरासरी २६ मिनिटे झोपले व पुढे अधिक सावध राहिले. कॅनडात अशी विश्रांती मान्य आहे, अमेरिकेत नाही. कॅनडाचे धोरण मला प्रामाणिक वाटते. बंदीने थकवा जात नाही, लपतो.

वादळात येशूही नावेत निजला होता. नाव मात्र जागे शिष्य हाकत होते. सोबत्यावर भार सोपवून, वेळ ठरवून घेतलेल्या डुलकीत तोच विश्वास आहे. मात्र या सवलतीच्या जोरावर विमान कंपन्यांनी कामाचे तास वाढवू नयेत.