तो पुरुष कोठें होता?

शास्त्रपाठ : योहान ८:१–११



शुभवर्तमानांतील हा प्रसंग आपणांपैकीं बहुतेकांस ठाऊक आहे. पहांटेच्या वेळीं प्रभु यरुशलेमच्या मंदिरांत शिक्षण देत बसला असतां शास्त्री व परूशी एका स्त्रीस आणून सर्वांच्या मध्यें उभी करतात. ही व्यभिचाराच्या कर्मांत धरली गेली, असें ते सांगतात. अशा स्त्रीस दगडमार करावा अशी मोशेची आज्ञा आहे, तर तुझें म्हणणें काय, असें विचारतात. ह्या पाठावर आपण पुष्कळ उपदेश ऐकले आहेत. परंतु एक साधा प्रश्न क्वचितच ऐकूं येतो. ती स्त्री प्रत्यक्ष कर्मांत सांपडली, तर तिच्याबरोबरचा पुरुष कोठें गेला?

हा प्रश्न आडवळणाचा नव्हे. लेवीय २०:१० व अनुवाद २२:२२ हीं वचनें काढून पहा. तेथें दोघांनाही एकच शिक्षा सांगितली आहे, आणि पुरुषाचा उल्लेख आधीं आला आहे. म्हणजे नियमशास्त्राचा अभिमान सांगणाऱ्या त्या गृहस्थांनीं अर्धें नियमशास्त्र घरीं ठेविलें व अर्धेंच मंदिरांत आणिलें. आणि जें आणिलें, त्याचा सारा भार एकट्या स्त्रीच्या माथीं पडला.

उत्पत्तीच्या ३८ व्या अध्यायांतही हेंच दिसतें. तामार ही यहूदाची विधवा सून. धाकट्या मुलाशीं तिचें लग्न लावून देण्याचें वचन यहूदानें पाळलें नाहीं व तिला माहेरीं बसवून ठेविलें. पुढें ती गरोदर आहे असें कानीं येतांच, हिला बाहेर काढून जाळून टाका, असा हुकूम त्यानें सोडला. चौकशी नाहीं, विचारपूस नाहीं. तेव्हां तामारेनें मुद्रा, गोफ व काठी पाठवून, ह्या वस्तू ज्याच्या आहेत तोच ह्या मुलाचा बाप, असा निरोप धाडिला. वस्तू यहूदाच्याच होत्या. त्यानें त्या ओळखल्या आणि ती आपणापेक्षां अधिक नीतिमान आहे असें चारचौघांत कबूल केलें. मत्तयानें प्रभूच्या वंशावळींत तामारेचें नांव गाळलें नाहीं, हेंही ध्यानांत ठेवावें.

ही जुन्या काळची व दूरच्या देशची गोष्ट, असें कोणी समजूं नये. १८८१ सालीं सुरत येथें विजयालक्ष्मी नांवाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर खटला झाला. लोकलज्जेच्या भयानें तिनें आपल्या नवजात अर्भकाचा जीव घेतला होता. कोर्टानें तिला फांशीची शिक्षा दिली. पुढें अपिलांत ती कमी झाली. अर्भकाची हत्या हें घोर पाप होय, याविषयीं दुमत नाहीं. परंतु जिचा पुनर्विवाह १८५६ च्या कायद्यानें मान्य असूनही रूढीनें होऊं दिला नाहीं, तिला ह्या संकटांत लोटणारा पुरुष आरोपीच्या पिंजऱ्यांत नव्हता. त्या वेळीं वर्तमानपत्रांतून बायकांच्या चंचलपणावर लेख निघाले. त्या पुरुषाविषयीं मात्र कोणाची लेखणी चालली नाहीं.

एक लेखणी मात्र चालली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे ह्यांनीं १८८२ सालीं 'स्त्रीपुरुषतुलना' हें लहानसें पुस्तक पुण्यास छापून काढिलें. जे दुर्गुण स्त्रियांच्या अंगीं आहेत असें तुम्ही म्हणतां, ते पुरुषांच्या अंगीं नाहींत काय, असा त्यांचा सरळ सवाल होता. त्यांनीं केवळ वर्तमानपत्रांस जाब विचारला नाहीं; 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' इत्यादि त्या वेळच्या आवडत्या कादंबऱ्यांसही तराजूंत घातलें. ह्यांत मोठें मर्म आहे. कोर्ट एका खटल्यापुरता न्याय देतें. परंतु कथा, नाटकें व गाणीं हीं रोज न्याय देत असतात. ज्या समाजानें लहानपणापासून कपटी स्त्रीच्या गोष्टी ऐकल्या व पुरुषाच्या कपटास रंगेलपणा म्हणून हंसण्यावारी नेलें, त्याचा न्यायाधीश, पंच व पाळक हे सर्व त्याच गोष्टी मनांत घेऊन आसनावर बसतात. ताराबाईंस लोकांनीं नांवें ठेविलीं. जोतीराव फुले ह्यांनीं १८८५ सालीं 'सत्सार' मध्यें त्यांचा पक्ष घेतला. तरी पुस्तक विस्मृतींत गेलें, तें १९७५ सालीं स. गं. मालशे ह्यांनीं पुन्हां उजेडांत आणिलें.

ताराबाई आपल्या मंडळीच्या नव्हत्या, आणि जोतीरावही नव्हते. परंतु १८६३ सालीं पुण्यांत फसलेल्या विधवांसाठीं आपल्या घराचें दार उघडणारें तें दांपत्य होतें, आणि अशाच एका विधवेच्या मुलास, यशवंतास, त्यांनीं दत्तक घेतलें. पंडिता रमाबाई १८८३ सालीं विलायतेस गेल्या, तेव्हां पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांस धर्मभगिनी प्रेमानें वागवितात हें पाहून त्यांस नवल वाटलें. ह्याचें मूळ कोठें, असें विचारतां त्यांस शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगण्यांत आली. पुढें केडगांवच्या मुक्तींत त्यांनीं अशा स्त्रियांसाठीं कृपासदन उघडिलें. वाचकहो, दगड उचलणारे पुष्कळ. दार उघडणारे थोडे.

आतां आम्ही स्वतःविषयीं बोलतों, आणि तें बोलणें सुखाचें नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं एका खेड्याच्या मंडळींत एक अविवाहित मुलगी गरोदर असल्याचें कळलें. पंच बसले. तिचें नांव प्रभुभोजनाच्या यादींतून काढावें असा ठराव झाला. तो पुरुष कोण, हें बसलेल्यांपैकीं प्रत्येकास ठाऊक होतें; कोणीं विचारिलें नाहीं. आम्हींही विचारिलें नाहीं. ठरावाखालीं पहिली सही आमची होती. मुलगी दुसऱ्या गांवीं मावशीकडे गेली. दीड वर्षानें त्या तरुणाचें लग्न झालें, आणि तें आम्हींच लाविलें. त्या दिवशीं प्रार्थना करतांना आमचा आवाज कांपला नाहीं, ह्याचीच आज आम्हांस अधिक लाज वाटते.

पुढें आम्ही त्या मावशीच्या घरीं गेलों व मुलीची क्षमा मागितली. तिनें पाणी दिलें. क्षमा केली असें ती म्हणाली नाहीं, आणि नाहीं केली असेंही म्हणाली नाहीं. मूल अंगणांत खेळत होतें. पंचांनीं तो ठराव नंतर रद्द केला. परंतु कागदावरची रेघ पुसणें सोपें असतें.

कोणी म्हणेल, तर काय पापास पाप म्हणूं नये? तसें नव्हे. प्रभूनें त्या स्त्रीस दोषी ठरविलें नाहीं, आणि पुन्हां पाप करूं नको असेंही बजाविलें. त्यानें नीतीचें वजन कमी केलें नाहीं. तें सर्वांस सारखें केलें. दुकानदारानें घेण्याचें वजन एक व देण्याचें दुसरें ठेविलें, तर आपण त्यास चोर म्हणतों. मग एकाच पापास पुरुषासाठीं एक व स्त्रीसाठीं दुसरें वजन ठेवणाऱ्या मंडळीस काय म्हणावें?

हल्लीं हा न्यायनिवाडा मोबाईलवर चालतो. एखाद्या मुलीचें चित्र हातोहात गांवभर जातें. तिचें शिक्षण थांबतें, घराबाहेर निघणें बंद होतें. तें चित्र कोणीं काढिलें, प्रथम कोणीं पाठविलें, हें कोणी विचारीत नाहीं. आणि ज्यानें पाहून पुढें धाडिलें, तो रविवारीं आपल्या शेजारीं बसून गीत गातो. बंधूंनो, तें पुढें धाडणें हेंही दगड फेंकणेंच आहे.

म्हणून पंचांस आमची विनंति आहे कीं, पुढें कोणतीही बहीण आपणांपुढें उभी केली जाईल, त्या वेळीं पहिला प्रश्न तिला विचारूं नका. तो पुरुष कोठें आहे, हें आधीं विचारा. आणि बापांनो, मुलींस जपून वागण्यास शिकवितां, तितक्याच वेळां मुलांसही शिकवा.

त्या दिवशीं मंदिरांतून वडील माणसें प्रथम निघून गेलीं, असें योहान सांगतो. त्यांचीं मनें त्यांस टोंचलीं. आपलें मन टोंचेल, तेव्हां आपण निघून जाऊं नये. यहूदाप्रमाणें तेथेंच उभें राहून, ही काठी माझी आहे, असें म्हणण्याचें धैर्य प्रभु आपणांस देवो. आमेन.