परक्याची साक्ष

मोपा विमानतळावर उतरून किनाऱ्याकडे निघालेल्या गाड्या आणि काळ्या पाटीवर पिवळे आकडे मिरवणाऱ्या भाड्याच्या दुचाक्या पेडणे महालातल्या ज्या गावांतून न थांबता जातात, त्यांत पार्से एक. भगवतीचे देऊळ, शेते, माडांच्या आणि काजूंच्या बागा असलेले हे गाव. शेजारची मोरजी, मांद्रे, हरमल ही नावे आता मॉस्को आणि तेल अवीवमध्येही माहीत आहेत. पार्से मात्र त्यांच्या वाटेवरच राहिले. कुणा परदेशी प्रवाशाने पार्सेवर चार ओळी लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही. तरी हंगाम संपवून परतल्यावर गोवा कसा आहे आणि गोव्याची माणसे कशी आहेत हे सांगणाऱ्यांची वाण नाही. त्यांनी सांगितलेल्या गोव्यात पार्सेही न विचारता जमा होते.

अशा सांगण्याला आपल्याकडे दोनच प्रतिसाद मिळतात. निंदा असेल तर ‘दोन महिन्यांत याला काय कळले?’ म्हणून ती झटकून टाकायची. स्तुती असेल तर ‘बघा, परदेशी माणूससुद्धा म्हणतो’ म्हणून ती मिरवायची. दोन्ही वेळा बोलणारा परका आहे एवढेच पाहिले जाते. तो काय म्हणाला ते तपासायचे राहून जाते. परक्याचे मत ही एक साक्ष आहे आणि साक्षीला साक्षीचे नियम लावावेत, असे मला वाटते. साक्षीदार कुठे उभा होता? त्याला तिथे कुणी नेले? कोणत्या भाषेत त्याने ऐकले? आणि जे सांगतो आहे त्यात त्याचा लाभ आहे की तोटा? मुक्काम किती दिवसांचा होता, हा प्रश्न या सगळ्यांनंतरचा.

गोव्यापुरते बोलायचे तर साक्षीदार कुठे उभा होता, या एका प्रश्नानेच निम्मा उलगडा होतो. गोव्याची जी वर्णने जगभर गेली, त्यांतली बहुतेक समुद्रातून मांडवीच्या मुखाने आत आलेल्यांची आहेत. डच तरुण लिन्सकोटेन १५८३ मध्ये आर्चबिशपच्या पदरी नोकर म्हणून आला. त्याचे पुस्तक १५९६ मध्ये निघाले आणि पोर्तुगीजांच्या व्यापारी वाटांची माहिती त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या हाती पडली. फ्रेंच खलाशी पिरार्द द लाव्हाल १६०८ मध्ये आला आणि त्याने इथल्या राजेशाही इस्पितळाचे बारकाईने वर्णन केले. इंग्रज अधिकारी रिचर्ड बर्टन १८४७ मध्ये मुंबईहून पत्तेमारीने आला. सहा महिन्यांच्या आजारपणाच्या रजेवर आलो होतो, हे त्याने १८५१ च्या पुस्तकाच्या नावातच घालून टाकले. पणजी आणि ओस पडलेले जुने गोवे पाहून त्याने इथल्या लोकांवर कठोर शेरे मारले. अंतर्भागात तो शिरोड्याला गेला, तो कलावंतिणी पाहायला. तिघांचे स्वभाव वेगळे, हेतू वेगळे, पण दार एकच. त्या दारातून दिसतो तो तिसवाडी, बार्देश आणि सासष्टीचा गोवा, म्हणजे जुन्या काबिजादी. तिथे पोर्तुगीज सत्ता सोळाव्या शतकात आली, देवळे पडली, देव नद्या ओलांडून अंत्रुजात गेले आणि १५६० पासून इन्क्विझिशन चालले.

पेडणे यात नाही. सावंतवाडीकरांकडून हा महाल पोर्तुगीजांकडे गेला तो १७८८ मध्ये. डिचोली आणि सत्तरी त्याआधी काही वर्षे. तोवर इन्क्विझिशनचा जोर सरला होता. या नव्या मुलखाचे धर्म आणि रीतिरिवाज न मोडण्याची हमी देऊनच राज्य चालवावे लागले. तिसवाडीवर पोर्तुगीज अंमल साडेचारशे वर्षे चालला, पेडण्यावर पावणेदोनशेही नाही. इथे देवळे जागच्या जागी राहिली, दशावतारी रात्र जागवत राहिले, हिशेब आणि पत्रे मराठीत लिहिली गेली. तेरेखोल नदीच्या पलीकडच्या काठावरची आरोंदा, सातार्डा ही गावे सोयरिकीची होती. ती नदी उतरून पेडण्यात येणाऱ्या माणसाला परदेशात आल्याची जाणीव पाखल्यांचा, म्हणजे पोर्तुगीजांचा, शिपाई करून देई. माणसे, भाषा आणि देव तेच. तरीही ती हद्द खोटी नव्हती. १५ ऑगस्ट १९५५ रोजी सीमेवरच्या पत्रादेवीला गोवामुक्तीसाठी आलेले निःशस्त्र सत्याग्रही गोळ्या खाऊन पडले, त्यात पंजाबातून आलेले कर्नैलसिंग होते. त्यानंतर भारताने सीमा बंद केली आणि नदीकाठच्या लोकांना सासरमाहेर हे दोन देश झाले. एकाच प्रदेशाची दोन दारे इतकी वेगळी असतील, तर ‘मी गोवा पाहिला’ या वाक्यापुढे कुठून, हा प्रश्न यायलाच हवा. हीच गोष्ट धंद्याचीही. जपानी पोलाद कारखान्यांसाठी गोवा म्हणजे डिचोलीच्या खाणीतले लोहखनिज होते. त्या गोव्यात ना चर्च होते, ना किनारा.

दार कळले म्हणजे साक्ष खरी ठरली, असे मात्र नाही. त्यासाठी गेल्या शतकातली दोन माणसे शेजारी ठेवून पाहावीत. ब्राझीलचा नामवंत समाजशास्त्रज्ञ जिल्बेर्तु फ्रेइरी १९५१ मध्ये पोर्तुगीज सरकारचा पाहुणा म्हणून त्यांच्या वसाहतींच्या दौऱ्यावर निघाला आणि गोव्यालाही आला. त्याला जे दाखवले गेले, त्यात त्याला आपला ब्राझील दिसला: उष्ण कटिबंधात रुजलेली, वंशभेद न मानणारी, मिसळून गेलेली पोर्तुगीज संस्कृती. या कल्पनेला त्याने लुझो-ट्रॉपिकल असे नाव दिले आणि १९५३ मध्ये दौऱ्यावर पुस्तक काढले. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीला नेमके हेच हवे होते. १९५१ मध्येच तिने वसाहतींना ‘सागरापारचे प्रांत’ म्हणायला सुरुवात केली होती. १९५५ मध्ये पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रसंघात गेल्यावर आमच्याकडे वसाहतीच नाहीत, हे जगाला पटवायला एका परदेशी विद्वानाची निरीक्षणे हाताशी होती.

दुसरा माणूस ओर्लांदु रिबेइरू. हा पोर्तुगालचा त्या काळातला सर्वांत मोठा भूगोलतज्ज्ञ. सरकारनेच पाठवलेल्या पथकाचा प्रमुख म्हणून तो १९५५ च्या अखेरीस गोव्यात आला, म्हणजे पत्रादेवीची जमीन वाळते न वाळते तोच. तो परका होता आणि राज्यकर्त्यांच्या देशाचाही होता. पण त्याचे काम गावागावांतून हिंडण्याचे होते: शेते, घरे, वाड्या, देवस्थाने, कोमुनिदादीच्या, म्हणजे गावकीच्या, जमिनी पाहायच्या आणि माणसांना विचारायचे. १९५६ मध्ये त्याने सरकारला जो गोपनीय अहवाल दिला, त्याचा निष्कर्ष फ्रेइरीच्या उलट होता. आपण पाहिलेल्या सगळ्या पोर्तुगीज मुलखांत गोवा त्याला सर्वांत कमी पोर्तुगीज वाटला. भाषा थोड्यांनाच येते, बहुसंख्य लोक हिंदू आहेत आणि आपल्या माणसांविषयी इथे परकेपणा आहे, असे त्याने आपल्याच सरकारला लिहून कळवले. फ्रेइरीचे पुस्तक छापून निघाले. रिबेइरूचा अहवाल छापील स्वरूपात आला तो १९९९ मध्ये, गोवा मुक्त होऊन अडतीस वर्षे उलटल्यावर.

दोघेही विद्वान होते, दोघेही थोड्या काळाचे पाहुणे. फ्रेइरी खोटे बोलला असेही म्हणवत नाही. पणजीतल्या एखाद्या दिवाणखान्यात त्याला दिसले ते असेलही. फरक दोन गोष्टींत पडला. फ्रेइरी सिद्धांत घेऊन आला आणि गोव्याने त्याला उदाहरण पुरवले. रिबेइरू मोजमाप घेऊन आला आणि उदाहरणांनी त्याच्या देशाचा सिद्धांत मोडला. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची: फ्रेइरीचे म्हणणे यजमानाला सोयीचे होते, रिबेइरूचे गैरसोयीचे. जी साक्ष साक्षीदाराच्या स्वतःच्या पक्षाविरुद्ध जाते, तिचे वजन जास्त धरावे, हे गावच्या पंचांनाही कळते.

हीच कसोटी आपल्या भाषेतल्या एका थोर प्रवासग्रंथाला लावता येते. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियाला पोचल्या आणि अडीच-तीन वर्षे अमेरिकेत हिंडल्या. १८८९ मध्ये त्यांचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक निघाले. त्यांचे दार उघड दिसते: स्त्रियांच्या संघटना, दारूबंदीच्या चळवळी, शाळा, मिशनशी नाते असलेली घरे. त्यामुळे अमेरिकन बायकांनी एकत्र येऊन काय उभे केले, हे त्यांना भरभरून दिसले आणि त्यांनी ते जीव ओतून लिहिले. बॉस्टनला स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे मदतीचे वचन दिले होते आणि त्याच आधारावर मुंबईत शारदा सदन उभे राहिले. अशा माणसाने केवळ गोडवे गायले असते तरी कुणी बोल लावला नसता. पण त्यांनी तिथल्या मूळ रहिवाशांवर झालेला अन्याय, काळ्या लोकांना मिळणारी वागणूक, टोप्यांवरच्या पिसांसाठी मारले जाणारे पक्षी हेही लिहिले. पुस्तक मराठीत असल्यामुळे ते देणगीदारांच्या वाचनात येण्याचा संभव कमी होता, हे मान्य. तरीही आपल्या वाचकापुढे अमेरिका हा आदर्श म्हणून मांडताना त्याच आदर्शावरचा डाग दाखवणे, हा स्वतःच्या युक्तिवादाला दिलेला छेदच होता. म्हणून ते पुस्तक आजही साक्ष म्हणून टिकते.

यावर आक्षेप असा येईल की इतकी उलटतपासणी करण्यापेक्षा गावच्याच माणसाला विचारावे. मला हे पटत नाही. गावच्या माणसाला बरेच ठाऊक असते, पण ठाऊक असलेले सगळे त्याला दिसतेच असे नाही. देवस्थानाच्या उत्सवात पहिला नारळ कुणाचा, तरंग कुणाच्या हाती, कुणी कोणत्या पायरीपर्यंत यायचे, हे पेडणे महालात वाढलेल्या माणसाला न शिकवता येते, म्हणूनच त्याबद्दल त्याला प्रश्न पडत नाही. बाहेरचा माणूस भाबडेपणाने विचारतो, ‘हे असे का?’ आणि उत्तर देताना आपली जीभ अडखळते. हजार वर्षांपूर्वी अल्-बिरूनीने हिंदुस्थानावर लिहिताना आरंभीच आपल्या अडचणी मांडल्या: भाषा कठीण, धर्म वेगळा, इथले लोक परक्याला ज्ञान द्यायला नाखूश. मग तो संस्कृत शिकला आणि पंडितांना विचारत राहिला. इथल्या पंडितांनी स्वतःबद्दल जे लिहिण्याची गरज मानली नव्हती, ते त्याच्यामुळे नोंदले गेले. परकेपणा ही उणीव खरी, पण आपल्या आड येणाऱ्या भिंती त्याने मोजल्या म्हणून ती त्याच्या कामी आली.

आणि आपणही सतत परक्यांविषयी मते बनवतच असतो. किनाऱ्यावरचा प्रत्येक गोरा आपल्या बोलण्यात ‘रशियन’ होतो. खोली भाड्याने देणाऱ्याला तो घासाघीस करणारा वाटतो, टॅक्सीवाल्याला उर्मट, शॅकवर काम करणाऱ्या मुलाला सढळ हाताचा. तिघेही आपापल्या खिडकीतून खरेच सांगतात आणि तिघेही त्यावरून रशियाचा निकाल लावतात. बांधकामावर आलेल्या मजुराला ‘घाटी’ म्हणून जो निकाल लावला जातो, त्यात तर खिडकीही नसते. आपण स्वतः परके होऊन जातो तेव्हाही असेच घडते. गोवा मुक्त झाला त्या १९ डिसेंबर १९६१ पूर्वी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगालमध्ये जन्मनोंद करून नागरिकत्व घेता येते. त्या पासपोर्टवर गोव्यातली कितीतरी मुले इंग्लंडात स्विंडनसारख्या गावी पोचली. गोदामातल्या रात्रपाळीतून त्यांना दिसलेला इंग्लंड आणि टूर कंपनीच्या बसमधून आपल्या निवृत्त शिक्षकांना दिसलेला इंग्लंड यांची भेट कधी होत नाही. मराठी मासिकांत छापून येतो तो दुसरा.

पेडण्यापुढे हा प्रश्न आता निव्वळ वाचनाचा राहिलेला नाही. मोपाचे विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू झाले आणि महालाला पहिल्यांदाच स्वतःचे आंतरराष्ट्रीय दार मिळाले. पूर्वी मांडवीकडून येणारा परका पेडण्यापर्यंत पोचतच नसे. आता तो थेट इथल्या सड्यावर उतरतो. त्या सड्यावर कुणाची गुरे चरत आणि त्याच्या झऱ्यांवर कुणाची कुळागरे जगत, हे त्याला सांगायला कुणी थांबत नाही. तो येतो तो नोव्हेंबर ते मार्च. शॅक मोडले जातात, मिरगाचा पाऊस कोसळतो, शेतकरी चिखलात उतरतो, तो काळ त्याच्या गोव्यात नसतो. त्याच्या मताप्रमाणे मग घरे बांधली जातात, जमिनींचे भाव ठरतात, कोणता डोंगर कापायचा हे ठरते. फ्रेइरीच्या मताला सालाझार मिळाला होता, आजच्या पाहुण्याच्या मताला बिल्डर मिळतो.

पाहुण्याला दोष देऊन भागणार नाही. साक्षीदार निवडणे आपल्याही हातात असते. आपल्या पर्यटन खात्यांच्या आणि हॉटेलांच्या जाहिराती फ्रेइरीच शोधतात: जो येईल, खूश होईल आणि आपल्याला हवे तेच परत सांगेल. आपण रिबेइरूच्या शोधात असायला हवे. पावसाळ्यात राहायला तयार असलेला, कोकणी-मराठी शिकणारा, पार्सेसारख्या गावात गाडी थांबवून जमीन कुणाची आणि पाणी कुठून येते हे विचारणारा असा परका दुर्मीळ असतो, पण असतो. तो जे लिहील ते आपल्याला झोंबेल. त्यात आपले जातीचे हिशेब येतील, विकलेल्या जमिनींवरच्या आपल्याच सह्या येतील. ते लिखाण कपाटात बंद करायचे की मराठीत आणून ग्रामसभेत वाचायचे, हा निर्णय त्याचा नसेल. १९५६ मध्ये लिस्बनने तो निर्णय चुकवला आणि पाच वर्षांनी त्याची किंमत मोजली.