नकाशावरचा नरक

जेरुसलेमच्या जुन्या शहराच्या तटाखालून, पश्चिमेकडून वळसा घेत दक्षिणेला उतरणारे एक खोरे आहे. वरच्या अंगाला सुलतानाच्या कोरड्या तळ्यात उन्हाळ्यात गाण्यांचे जलसे होतात आणि काठावर सिनेमाघर आहे. हिब्रूत या जागेला गे-हिन्नोम, म्हणजे हिन्नोमचे खोरे, म्हणतात. कुणी संतापून ‘जहन्नममध्ये जा’ म्हणतो, तेव्हा तो नकळत याच खोऱ्याचा पत्ता सांगत असतो.

मूळ उच्चारात ‘न’चे द्वित्त ठसठशीत आहे. ग्रीक लिपीत शब्दाच्या मधल्या ‘ह’साठी अक्षर नव्हते आणि शेवटचा ‘म’ही गळाला, म्हणून तिथे ‘गेएन्ना’ झाले. लॅटिनने ‘ह’ परत आणला. अरबीत ‘ग’चा ‘ज’ झाला खरा, पण ‘म’ टिकला. उच्चार असा फिरत गेला आणि अर्थ त्याहूनही लांब गेला.

यहोशवाच्या ग्रंथात हे नाव येते ते यहूदा आणि बन्यामीन या वंशांची हद्द सांगताना. तलाठ्याच्या दप्तरात शोभेल अशी ती कोरडी नोंद आहे. पुढे याच खोऱ्यात तोफेत नावाचे स्थान उभे राहिले आणि आईबाप पोटची लेकरे तिथे अग्नीला देऊ लागले. आहाज आणि मनश्शे या राजांवरही हाच आरोप आहे. इसवी सनापूर्वी सातव्या शतकात योशीया राजाने ते स्थान भ्रष्ट करून बंद पाडले. संदेष्टा यिर्मया देवाच्या वतीने सांगतो की अशी आज्ञा त्याने कधी दिली नव्हती, ती त्याच्या मनातही आली नव्हती.

आणि खरी अडचण इथेच सुरू होते. नव्या करारात ‘गेएन्ना’ १२ वेळा येते, त्यांपैकी ११ वेळा येशूच्या तोंडी. तोवर खोरे मागे पडून पाप्यांची अग्निशिक्षा पुढे आलेली असते. लेकरे जाळण्याची कल्पनाही ज्याला शिवली नाही, त्याच देवाच्या नावाने त्याच खोऱ्यातली आग पुढे कायमची कशी पेटली?

यावर एक सोपा तोडगा प्रवचनांतून वारंवार ऐकू येतो: तिथे शहराचा कचरा अखंड जळत असे, येशूने फक्त त्याची उपमा घेतली. पण कचऱ्याची ही गोष्ट पहिल्यांदा सापडते ती इसवी सन १२००च्या सुमारास, रब्बी डेव्हिड किम्ही यांच्या भाष्यात. येशूच्या काळच्या अशा जळत्या उकिरड्याचा पुरावा उत्खननातही मिळालेला नाही. उकिरडा सोयीचा एवढ्यासाठी, की तो मानला म्हणजे जळालेल्या मुलांविषयी बोलावे लागत नाही.

उत्खननात मिळाले ते वेगळेच. १९७९ मध्ये पुरातत्त्वज्ञ गॅब्रिएल बारकाय यांना खोऱ्याच्या कडेवरच्या थडग्यांत चांदीच्या दोन चिमुकल्या गुंडाळ्या सापडल्या. त्यांवर याजकाचा आशीर्वाद कोरला आहे. बायबलमधल्या मजकुराचा आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना नमुना तो हाच, आणि तो मिळाला नरकाच्या उंबरठ्यावर!

आगीच्या मुदतीविषयी धर्मपंडितांत कधीच एकमत नव्हते. तिसऱ्या शतकातल्या ओरिजेनला ती शुद्धीसाठी, म्हणून संपणारी वाटली; ऑगस्टीनने ती अनंत ठरवली आणि पश्चिमेत त्याचेच चालले. इस्लाममध्येही इब्न अल-कय्यिमसारख्यांनी जहन्नम कधीतरी विझेल अशी बाजू मांडली. मराठी बायबलने ‘गेएन्ना’साठी ‘नरक’ हा शब्द घेतला. पण पुराणांतला नरक पाप फिटेपर्यंतचा असतो, तिथून जीव पुन्हा जन्माला येतो. त्यामुळे मराठी वाचकाच्या कानाला तो शब्द ऑगस्टीनपेक्षा ओरिजेनच्या जवळचा वाटावा.

ज्यूंच्या मिश्नात रब्बी अकिवांच्या नावावर या शिक्षेची मुदतच दिली आहे: बारा महिने. म्हणून आईबाप गेल्यावर कद्दीश ही प्रार्थना साधारणपणे अकरा महिनेच म्हणतात. पूर्ण बारा म्हटली, तर आपला बाप पुरी शिक्षा भोगण्याइतका दुष्ट होता, अशी कबुलीच मुलाने दिल्यासारखे होईल.